पंचेचाळीस अंशांचा हट्ट सोडा

डीप मिडविकेटवरचा पोरगा चेंडू उचलतो, जीव खाऊन फेकतो आणि चेंडू आभाळात चढतो. तो यष्टिरक्षकाच्या हाती येईपर्यंत फलंदाजांनी दुसरी धाव आरामात काढलेली असते. दंडात जोर भरपूर होता, कोन चुकला.

४५ अंशांत फेकलेली वस्तू सर्वांत लांब जाते, हे आपण शाळेत शिकलो. पण त्या गणितात हवेचा अडथळा नाही आणि फेकीचा वेगही प्रत्येक कोनाला सारखाच धरलेला आहे. मैदानावर तसं होत नाही. आपले स्नायू समोरच्या दिशेला जेवढा जोर लावतात तेवढा वर लावू शकत नाहीत. कोन वाढवला की वेग घटतो. ब्रिटनच्या ब्रुनेल विद्यापीठातले निकोलस लिंथॉर्न यांनी सहकाऱ्यासह फुटबॉलच्या थ्रो-इनवर केलेला अभ्यास २००६मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वाधिक अंतरासाठीचा कोन निघाला सुमारे ३० अंश!

कोनासाठी वेग घालवणं परवडत नाही, कारण अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. वेग १० टक्क्यांनी वाढला, तर अंतर २१ टक्क्यांनी वाढतं. हवेमुळे हा नफा थोडा घटतो, एवढंच.

हा वेग येतो कुठून? नील रोच आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये ‘नेचर’मध्ये याचं उत्तर मांडलं. हात मागे वळतो तेव्हा खांद्याभोवतीचे अस्थिबंध आणि स्नायुबंध बेचकीच्या रबरासारखे ताणले जातात आणि साठलेली ऊर्जा एका झटक्यात सुटते. त्या क्षणी दंड स्वतःभोवती सेकंदाला ९००० अंशांपर्यंतच्या वेगाने फिरतो. मात्र हा ताण द्यायला पाय आणि कंबर लागते. उजव्या हाताच्या खेळाडूची चांगली फेक पाहा: छोटी उडी, उजवा पाय आडवा, डावा खांदा लक्ष्याकडे, मग डावा पाय घट्ट रोवलेला. आधी कंबर वळते, पाठोपाठ छाती आणि मागे राहिलेला हात सर्वांत शेवटी येतो. चेंडू सुटताना बोटं त्याच्या मागून खाली घसरली, तर त्याला उलटी फिरकी मिळते आणि तो हवेत अधिक काळ तरंगतो. कॅनडाच्या ग्लेन गोर्बस यांनी १९५७मध्ये बेसबॉल १३५.८८ मीटर फेकून विक्रम केला, तोही धावत येऊनच.

क्रिकेटमध्ये मात्र अंतराइतकाच वेळही मोलाचा. चेंडू सेकंदाला ३० मीटर वेगाने सुटला आणि यष्ट्या ६० मीटरवर असल्या, तर हवेचा अडथळा सोडून तिथे पोहोचण्याचे दोन मार्ग आहेत: सुमारे २० अंशांची सपाट फेक किंवा ७० अंशांची उंच फेक. पहिलीला २ सेकंदांहून किंचित जास्त लागतात, दुसरीला जवळपास ६. टप्पा पडला तरी चालेल, फेक सपाटच हवी.

म्हणून सरावात नुसते दंड फुगवून भागणार नाही. उडी, पाऊल आणि कंबरेचं वळण आधी हळू घोटवा, मग जोर वाढवा. वाढत्या वयातल्या मुलांची कोपरं नाजूक असतात. दुखू लागलं की फेक त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.