महाअंतिम फेरीनंतरचे सूर

एसएमएसच्या कौलावर ठरणारे विजेतेपद गायकाचे भवितव्यही ठरवते काय? झी मराठीवरील ‘सा रे ग म प लिटल चॅम्प्स’चा अनुभव वेगळे सांगतो. २००९ मध्ये कार्तिकी गायकवाड महाविजेती ठरली. परंतु विजेतेपद हुकलेले चौघेही विस्मृतीत गेले नाहीत. आर्या आंबेकर हिने २०१७ मध्ये ‘ती सध्या काय करते’ या चित्रपटातून अभिनयात पदार्पण केले. रोहित राऊत २०२० मध्ये ‘इंडियन आयडॉल’चा उपविजेता झाला. प्रथमेश लघाटे व मुग्धा वैशंपायन यांनी गायनाच्या मैफली गाजवल्या. २०२१ मध्ये हे पाचही जण त्याच कार्यक्रमात परीक्षक म्हणून परतले. तेव्हा विजेती आणि पराभूत हा भेद उरला नव्हता. स्पर्धेने ओळख दिली. ती टिकवली मात्र नंतरच्या रियाजाने.