हरपलेली वाचा आणि स्तवनाचा स्वर

चाळीस वर्षे पेढी सांभाळलेल्या एखाद्या गृहस्थांना अकस्मात पक्षाघाताचा झटका येतो. उजवा हात लुळा पडतो आणि वाचाही जाते. समोर उभा असलेला मुलगा ते ओळखतात, त्याचे नाव मनात असते. पण ओठांवर येत नाही. ज्यांच्या नुसत्या शब्दावर लाखोंचे व्यवहार झाले, त्यांना पाणी मागण्यासाठी खूण करावी लागते. आणि एके दिवशी सायंकाळी घरात नित्याचे स्तवन सुरू होताच तेही सर्वांबरोबर गाऊ लागतात, तेही शब्दांसह! घरातील काहींना हा चमत्कार वाटतो. काही जण मात्र म्हणतात, ‘गाता येते, मग बोलत का नाहीत? हा हट्टच आहे.’ दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. दुसरी तर रुग्णावर अन्याय करणारी आहे.

बोलण्याची शक्ती मेंदूत कोठे वसते, याचा महत्त्वाचा पुरावा फ्रेंच वैद्य पॉल ब्रोका यांनी १८६१ साली मांडला. केवळ एकच अक्षरसमूह उच्चारू शकणाऱ्या एका रुग्णाच्या मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढील भागात इजा आढळली. बहुतेक माणसांमध्ये बोलण्याचा मुख्य भार डावा मेंदू वाहतो. गाण्यात मात्र उजव्या बाजूचाही मोठा सहभाग असतो. शिवाय वर्षानुवर्षे म्हटलेले स्तवन शब्द, चाल आणि लय यांच्या एका गुंफणीत स्मरणात रुजलेले असते. एक कडी हाती आली की पुढची आपोआप येते. म्हणूनच स्वतः वाक्य जुळवता न येणारा रुग्ण पाठ असलेले पद गाऊ शकतो.

या जाणिवेतूनच १९७३ साली अमेरिकेतील बोस्टनच्या तज्ज्ञांनी स्वराधारित वाचोपचाराची पद्धत मांडली. तिच्यात वाद्य लागत नाही, सुरेल गळाही लागत नाही. ‘पाणी द्या’ यासारखे रोजच्या गरजेचे छोटे वाक्य उंच आणि खालच्या अशा दोन स्वरांत संथपणे म्हणायचे आणि प्रत्येक अक्षरागणिक रुग्णाच्या डाव्या हाताने हलका ठेका धरायचा. प्रथम उपचारकाबरोबर, मग त्याच्या मागोमाग, मग स्वतः. हळूहळू चाल कमी करीत ते वाक्य साध्या बोलण्यावर आणायचे. प्रत्येक रुग्णाला सारखाच गुण येतो असे नाही, आणि केवळ पाठ पदे गाऊन बोलणे परत येत नाही. त्यासाठी वाचोपचारतज्ज्ञांचे मार्गदर्शन आणि घरच्यांचा धीर, दोन्ही हवेत. संगीत औषधाची जागा घेत नाही. ते औषधाच्या सोबतीला उभे राहते.

नुसत्या श्रवणाचाही उपयोग दिसून आला आहे. फिनलंडमधील हेलसिंकी येथे पक्षाघाताच्या साठ रुग्णांवर झालेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. काहींना दोन महिने रोज त्यांच्या आवडीचे संगीत ऐकवले, काहींना ध्वनिमुद्रित पुस्तके, तर काहींना यांपैकी काहीच नाही. संगीत ऐकणाऱ्यांची शब्दस्मृती आणि एकाग्रता इतरांपेक्षा अधिक सुधारली; खिन्नताही कमी आढळली. ‘त्यांच्या आवडीचे’ हे शब्द येथे मोलाचे आहेत. रुग्णाच्या खोलीत आपल्या आवडीची गाणी मोठ्याने लावून ठेवणे म्हणजे सेवा नव्हे.

इटलीतील लुचानो बर्नार्दी यांनी संगीताचा श्वास आणि हृदयगतीवर होणारा परिणाम तपासला. द्रुत लयीने श्वास आणि हृदयगती वाढल्या. पण संगीताच्या मध्येच दोन मिनिटांची शांतता ठेवली, तेव्हा श्रोत्यांचे शरीर संगीत सुरू होण्यापूर्वीपेक्षाही अधिक स्वस्थ झाले. २००६ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष कायोत्सर्गाची सवय असलेल्या साधकाला अपरिचित वाटणार नाही. नऊ वेळा णमोकार सत्तावीस श्वासोच्छ्वासांत म्हणण्याच्या परंपरेत मंत्र श्वासाशी जोडलेला आहे आणि श्वास स्थिरतेशी.

संगीताचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा यांचा विचार जैन परंपरेने फार पूर्वी केला. अनुयोगद्वार सूत्रात सप्तस्वरांचे विवेचन आहे. उत्तराध्ययन सूत्रात मात्र नादाला लुब्ध होऊन प्राण गमावणाऱ्या हरिणाचा दृष्टान्त येतो. तत्त्वार्थसूत्रानुसार शब्द हा पुद्गलाचा पर्याय आहे आणि जीवाचे लक्षण आहे उपयोग, म्हणजे जाणण्या-पाहण्याची क्रिया. याचा अर्थ असा की स्वर चेतना निर्माण करीत नाही. तो चेतनेचे लक्ष वळवतो. ते लक्ष आसक्तीकडे वळले तर तोच स्वर बंधन होतो आणि समतेकडे वळले तर साधनेला साहाय्य करतो.

पक्षाघाताने शब्द हिरावले, तरी जाणणारा हिरावला जात नाही. खुर्चीत मुकाट बसलेल्या वडिलांना सारे ऐकू येत असते. बरेच समजतही असते. त्यांच्यासमोरच त्यांच्याविषयी ‘आता काही कळत नाही’ असे बोलले जाते, तेव्हा होणारी वेदना त्यांना सांगता येत नाही. म्हणून दुकान वाढवून घरी आल्यावर अर्धा तास त्यांच्यासाठी राखावा. त्यांच्या डाव्या बाजूला बसावे, हात हाती घ्यावा, त्यांना ठाऊक असलेले स्तवन त्यांच्या गतीने म्हणावे. शब्द अडला तर घाईने पुरवू नये, थांबावे. स्तवन संपल्यावर लगेच उठू नये. दोन मिनिटे शांत बसावे. त्या शांततेत वडील काही बोलले नाहीत, तरी मुलाचा हात अधिक घट्ट धरतील. आणि त्या दिवसापुरते तेही बोलणेच असेल.