चाळिशीचा चष्मा आणि विम्याचा हिशेब

मराठीत चाळिशी या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक वयाचा आणि दुसरा त्या वयात नाकावर येऊन बसणाऱ्या चष्म्याचा. हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान पार्कमध्ये २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जी पंचविशीतली मुले नोकरीला लागली, त्यांना आता हे दोन्ही अर्थ एकदमच उमगू लागले आहेत. लांबचा नंबर अनेकांना आधीपासून होताच, त्यात जवळचाही आला. समोर संगणकाचे दोन पडदे, हातात मोबाइल आणि संध्याकाळी वाकडच्या पुलापर्यंत मुंगीच्या पावलाने सरकणारी वाहने, या सर्वांसाठी एकच चष्मा हवा असेल तर प्रोग्रेसिव्ह भिंगांकडे वळावे लागते. वरच्या भागातून लांबचे, मधल्या भागातून पडद्यावरचे आणि खालून वाचनाचे दिसावे, अशी त्यांची रचना असते. फ्रान्समध्ये १९५९ साली 'व्हॅरिलक्स' या नावाने ही भिंगे बाजारात आली. आज त्यांतली उत्तम प्रत, पातळ भिंगाचा आग्रह आणि जरा नावाजलेली फ्रेम असे जमवत गेले की बिल पंचवीस-तीस हजारांपर्यंत सहज पोहोचते.

आणि मग पैसे देण्याच्या खिडकीशी हळूच प्रश्न येतो, ''साहेब, याला प्रोटेक्शन प्लॅन जोडून देऊ का?''

हो म्हणावे की नाही, हे ठरवण्यापूर्वी एक गोष्ट तपासून घ्यावी. या चष्म्याला आपल्याकडे आधीच एखादे संरक्षण आहे काय? हिंजवडीतल्या बहुतेक नोकरदारांकडे कंपनीची सामूहिक आरोग्य विमा योजना असते आणि डोळ्यांचे सारे काही त्यात येते अशी अनेकांची समजूत असते. ती बहुधा चुकीची ठरते. रुग्णालयात दाखल झाल्याचा खर्च देणाऱ्या पॉलिसींमध्ये चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स आणि श्रवणयंत्रे यांचा खर्च सर्वसाधारणपणे वगळलेला असतो. इतकेच नव्हे, चष्म्याला कंटाळून लेसर शस्त्रक्रिया करावी म्हटले, तरी साडेसात डायॉप्टरपेक्षा कमी नंबर असल्यास तो खर्च नाकारण्याची मुभा विमा नियामक प्राधिकरणाच्या प्रमाणित कलमाने कंपन्यांना दिली आहे. काही कंपन्या बाह्यरुग्ण खर्चासाठी वेगळी रक्कम देतात आणि तीत कधी कधी चष्मा बसतो. मनुष्यबळ विभागाला एक पत्र लिहून हे विचारून घ्यावे. वर्षाअखेरीस न वापरता बुडणारी ती रक्कम अनेकांना ठाऊकच नसते.

घराच्या विम्याचे काय? साधी गृहविमा पॉलिसी आग, भूकंप, पूर अशा संकटांसाठी असते. हातातून पडलेल्या चष्म्यासाठी नव्हे. अंगावर वागवल्या जाणाऱ्या मौल्यवान वस्तूंसाठी 'ऑल रिस्क' नावाचे संरक्षण मिळते खरे. परंतु त्याच्या बारीक अक्षरांतील अपवाद वाचावेत. कॅमेरे, दुर्बिणी, भिंगे, काचसामान अशा ठिसूळ वस्तू फुटणे, तडकणे किंवा त्यांवर चरे पडणे हे सहसा वगळलेले असते. अपवाद आगीचा किंवा वाहनाच्या अपघाताचा. म्हणजे चष्म्याच्या बाबतीत जे हमखास घडते, तेच नेमके बाहेर! कुठे राहिला ते आठवत नाही, ही सबबही चालत नाही. चोरी झाली असेल तर पोलिसांत नोंद हवी. परदेशी जाताना काढलेल्या प्रवास विम्यातही चष्मे बऱ्याचदा वगळलेले असतात.

अमेरिकेत काही वर्षे काढून परतलेली मंडळी येथे हमखास म्हणतात, ''तिकडे व्हिजन इन्शुरन्स होता.'' होता, पण तो या अर्थाने विमा नव्हे. तेथील व्हीएसपी ही प्रसिद्ध संस्था नेत्रतपासनीसांनीच १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात उभी केली. वर्षाला एक तपासणी आणि ठरावीक मुदतीत फ्रेम व भिंगांसाठी ठरावीक रक्कम, असे या योजनांचे सर्वसाधारण स्वरूप असते. चष्मा फुटो अथवा न फुटो, रक्कम मिळते. आपल्याकडच्या भिशीशी तिचे नाते विम्यापेक्षा जवळचे आहे.

तेव्हा खरा प्रश्न उरतो तो दुकानातल्या प्लॅनचा. त्यासाठी थोडे अंकगणित करू. समजा, चष्मा २८ हजारांचा आहे आणि प्लॅन वर्षाला तीन हजारांचा. नुकसानीच्या २५ टक्के भार आपण सोसायचा, ही अट. म्हणजे पहिल्या वर्षी चष्म्याचा चुराडा झाला तर हाती येणार २१ हजार. तीन हजारांनी एकवीस हजारांना भागले की उत्तर येते सात. याचा अर्थ, सात वर्षांतून किमान एकदा आपण चष्मा पूर्णपणे निकामी करत असू, तरच हा व्यवहार बरोबरीत सुटतो. दुसऱ्या वर्षी कंपनीने ५० टक्के घसारा लावला, तर चष्म्याची किंमत १४ हजार धरली जाईल आणि हाती साडेदहा हजार येतील. आता बरोबरीसाठी साडेतीन वर्षांतून एकदा चष्मा मोडायला हवा. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या बिलावरचे आकडे घालून हाच भागाकार कोणालाही करता येईल. मग गेल्या दहा वर्षांत आपण किती चष्मे मोडले किंवा हरवले, हे प्रामाणिकपणे आठवावे. प्रस्तुत लेखकाचे उत्तर दोन असे आहे. त्यांतला एक हेल्मेट घाईने उपसताना दांडीसकट गेला आणि दुसऱ्यावर लेखक स्वतःच बसला.

हा हिशेब विमेदाराच्या विरुद्ध झुकतो, यात कोणाचा कट नाही. हप्त्यातून नुकसानभरपाईखेरीज विक्रेत्याचे कमिशन, कागदपत्रांचा खर्च आणि नफाही निघावा लागतो. दावा दोन हजारांचा असो वा दोन लाखांचा, तपासण्याचे श्रम फारसे कमी होत नाहीत. शिवाय चष्म्यात एक खास अडचण आहे. नंबर बदलला की जुना चष्मा निरुपयोगी होतो आणि नेमका तेव्हाच तो 'हरवण्याचा' मोह अनावर होतो. ही मानवी दुर्बलता विमा कंपन्यांना चांगली ठाऊक आहे. त्यामुळे अटी कडक होतात आणि सरळमार्गी ग्राहकही त्यांत भरडला जातो.

करांतही फरक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्यावरील वस्तू व सेवा कर १२ वरून पाच टक्क्यांवर आला. वैयक्तिक आरोग्य विम्याचा हप्ता त्याच दिवशी करमुक्त झाला. परंतु वस्तूंच्या विम्यावर १८ टक्के कर कायम आहे. चष्मा स्वस्त झाला आणि त्याचे संरक्षण तिथल्या तिथेच राहिले.

दुकानाचा प्लॅन आणि विमा या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हेही ध्यानात घ्यावे. विमा विकण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत विमा कंपनीला आहे. पॉलिसीवर अशा कंपनीचे नाव असेल आणि तिने तक्रारीची दाद घेतली नाही, तर नारायण पेठेतील विमा लोकपाल कार्यालयाची पायरी चढता येते. पावतीवर केवळ दुकानाचेच नाव असेल, तर ते त्या दुकानाने दिलेले आश्वासन होय. वाद झाल्यास ग्राहक आयोगाकडे जावे लागेल आणि दुकान बंद झाल्यास आश्वासनही त्याबरोबर गेले. बिलासोबत विनामूल्य मिळणारी भिंगांची हमी मात्र वेगळी. अनेक चांगल्या भिंगांच्या लेपनावर एक-दोन वर्षांची हमी असते आणि लेपन सोलवटल्यास भिंग बदलून मिळू शकते. ते कार्ड आपण डबीबरोबर कुठेतरी टाकून देतो.

विमा अशा नुकसानीसाठी असावा, जे आपल्याला पेलवणार नाही. घर जळणे किंवा मिळवता माणूस जाणे हे ते नुकसान. अठ्ठावीस हजार रुपये अभियंत्याला झोंबतील. पण त्याचे घर बसणार नाही. त्याच कंपनीच्या बसचालकाला किंवा फाटकावरच्या रखवालदाराला दोन-अडीच हजारांचा चष्मा फुटणे अधिक जड जाते. त्याला मात्र प्लॅन घेता का, असे कोणी विचारत नाही.

हिशेबात न येणारी बाब म्हणजे चष्मा मोडला तो दिवस. जूनचा पाऊस, शिवाजी चौकात साचलेले पाणी, रात्रीचे साडेनऊ आणि उणे सहा नंबरचा माणूस दुचाकीवर. त्याच्या खिशात जगातली सर्वोत्तम पॉलिसी असली, तरी त्या रात्री ती त्याला समोरचा ट्रक दाखवू शकत नाही. प्रोग्रेसिव्ह भिंगे बनून यायला अनेकदा आठवडा लागतो. म्हणून प्लॅनचे पहिल्या वर्षाचे तीन हजार रुपये दुसऱ्या चष्म्यावर खर्चावेत, असे आमचे मत आहे. साधी फ्रेम आणि लांबच्या नंबरची एकेरी भिंगे एवढ्यात बसतात. तो कचेरीच्या खणात किंवा गाडीत ठेवावा. पुढच्या वर्षांचे तीन हजार बँकेत वेगळे काढावेत. ते आपलेच राहतात. नंबर, दोन्ही बाहुल्यांमधले अंतर आणि भिंगांचा प्रकार लिहिलेल्या कागदाचे छायाचित्र मोबाइलमध्ये असावे. फ्रेमही सहज मिळणाऱ्या नमुन्याची निवडावी. बिलातला मोठा वाटा भिंगांचा असतो आणि फक्त दांडी मोडल्यास तीच भिंगे नव्या फ्रेममध्ये बसवता येतात.

तरीही काहींनी प्लॅनचा विचार जरूर करावा. शाळकरी मुलांचे चष्मे वर्षात दोनदाही मोडतात. तिथे वरचा भागाकार उलट उत्तर देतो. फार मोठ्या नंबरची महाग भिंगे लागणाऱ्यांनी आणि ज्यांच्या हातून वस्तू टिकतच नाहीत त्यांनीही तो करून पाहावा. घेण्याआधी चार प्रश्न लेखी विचारावेत: चरे पडल्यास भरपाई आहे का, घसारा किती, वर्षात किती दावे चालतात, आणि भरपाई रोख मिळते की त्याच दुकानातल्या पुढच्या खरेदीवर सवलत म्हणून. शेवटच्या प्रश्नावर विक्रेता घुटमळला, तर बिलातून ती ओळ काढून टाकायला सांगावे.