समुद्राचा रंग

अलिबाग पट्ट्यातल्या मुलांना समुद्र काढायला सांगितला की निळ्या रंगाची बाटली सगळ्यात आधी संपते. ही मुलं समुद्राला लागून राहतात. पावसाळ्यात इथलं पाणी चहासारखं गढूळ असतं, एरवीही करडं-हिरवटच. ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत काळपट, ओली वाळू उघडी पडते. कागदावर मात्र निळा पट्टा, दोन त्रिकोणी डोंगर आणि त्यांच्यामधून उगवणारा सूर्य.

कलाशिक्षक म्हणून सुरुवातीला मी फळ्यावर चित्र काढून देत असे. मुलं उतरवून घेत, वह्या देखण्या दिसत, पालक खूश असत. पुढे 'मनातलं काढा' म्हणू लागलो. मोकळेपणी तेच डोंगर पुन्हा उगवले! मनात आधी काही साठलेलं असावं लागतं, आणि चित्रापुरतं तरी ते डोळ्यांवाटेच आत जातं. म्हणून आता विचारतो, "आज सकाळी पाणी कसं होतं रे?" थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग एखादा मुलगा यलो ऑकरमध्ये काळपट तपकिरी मिसळतो, निळ्याचं एक बोट लावतो, आणि शेजारचा त्याच्या कागदात डोकावतो.

चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना मी नावं ठेवणार नाही. घागरीच्या तोंडाचा लंबगोल वस्तुचित्रात हजारदा गिरवल्याशिवाय हातात बसत नाही. दहावीला इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार ७, ५ किंवा ३ गुण वाढून मिळतात, तेही मुलांना हवेच असतात. अडचण होते ती स्मरणचित्रात. गाइडमधली पाठ केलेली माणसं बाजारात, बागेत, एसटी स्टँडवर तशीच उभी!

म्हणून स्मरणचित्राआधी वर्ग जेट्टीवर नेतो. तिथे पेन्सिल काढायची नाही, फक्त बघायचं. बर्फ-मासळीने भरलेला क्रेट दोघं उचलतात तेव्हा दोघांची अंगं बाहेरच्या बाजूला कलतात. डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईची मान हलत नाही, चाल सगळी कमरेतून येते. कोळीवाड्यातल्या मुलींनी हे रोज पाहिलेलं असतं. ते काढण्याजोगं आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. दुसऱ्या दिवशीच्या चित्रात एखादा हात फार लांब होतो. मी खोडरबर मागत नाही. भार कुठे आहे ते कळलं की प्रमाण मागाहून शिकवता येतं.

याच किनाऱ्यावरच्या सासवने गावी १८९१ साली शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर जन्मले. लहानपणी गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांनी पाहिलं आणि त्यांना मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट मोकळी करून दिली. भिंत खराब केली म्हणून दटावणारे गावात पुष्कळ भेटले असते. पुढे पुण्यातला १९२८चा महाराजांचा अश्वारूढ पुतळा याच हातांनी घडवला. पण मुलांना मी त्यांची म्हैस दाखवतो, कोळीण दाखवतो: गावात रोज दिसणारी, शिल्पात आलेली.

सासवन्यातलं करमरकरांचं शिल्पालय मांडव्याहून अलिबागला येताना वाटेवरच लागतं. मुलांना घेऊन तिथे जरूर थांबा. आणि घरी मुलाने तपकिरी समुद्र रंगवला, तर निळा रंग त्याच्या हातात देण्याआधी त्याच्याबरोबर एकदा किनाऱ्यावर जाऊन या.