समुद्रातील सूक्ष्म हरित शैवाले: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ऑस्ट्रिओकॉकस टॉरी या समुद्री हरित शैवालाची पेशी जेमतेम १ मायक्रोमीटर व्यासाची, म्हणजे जीवाणूएवढी असते. म्हणून ते जीवाणूच, असे वाटणे साहजिक असले तरी चूक आहे. या पेशीत केंद्रक, एक हरितलवक आणि एक तंतुकणिका असते. याउलट प्रोक्लोरोकॉकस हा समुद्रातला सूक्ष्म प्रकाशसंश्लेषी जीव खरोखरच जीवाणू आहे, त्याला केंद्रकच नाही. दोघांची गल्लत नेहमी होते.

फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर ‘तो’ नावाचे खारे सरोवर कालवांच्या शेतीसाठी प्रसिद्ध आहे. १९९४ मध्ये ऑस्ट्रिओकॉकसचा शोध तिथेच जाहीर झाला.

लहान म्हणजे आदिम, हा समज अधिक चिवट आहे. २००६ मध्ये ऑ. टॉरीचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा सुमारे १.२५ कोटी बेसजोड्यांत आठ हजारांच्या आसपास जनुके दाटीवाटीने बसलेली आढळली. गुणसूत्रे २०. त्यांतल्या एका लहान गुणसूत्राचा संबंध विषाणूंच्या प्रतिकाराशी आहे. पेशीला भित्तिका नाही, कशाभिकाही नाही. पण ही अपूर्णता नव्हे. पूर्वजांकडे असलेले बरेच काही टाकून देत झालेली ही काटछाट आहे.

वर्गीकरणात दिसण्यावर विसंबणे फार महागात पडले. एका कशाभिकेने पोहणारे मायक्रोमोनास १९५२ मध्ये सोनेरी शैवालांत घातले गेले आणि १९६० मध्ये हरित गटात आले. पुढे त्याची एकच जात जगभर आढळते असे मानले जाई. २०१७ च्या फेरमांडणीत तिच्या जागी अनेक जाती उभ्या राहिल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या जवळपास सारख्याच दिसतात, फरक जनुकांत आहे. ही सारी शैवाले ज्यात मोडत, तो ‘प्रॅसिनोफाइट’ हा जुना गटही एका कुळाचा नाही. त्यातले मेसोस्टिग्मा, तेही गोड्या पाण्यातले, जमिनीवरील वनस्पतींच्या शाखेत गेले. ऑस्ट्रिओकॉकस, मायक्रोमोनास आणि खवल्यांनी मढलेले बॅथिकॉकस यांच्यासाठी २०१० मध्ये मॅमिएलोफायसी हा वेगळा वर्ग करण्यात आला.

हिवाळ्याच्या अखेरीस उत्तर अरबी समुद्र हिरवा होतो, त्याचे श्रेय मात्र थेट शैवालांना देता येत नाही. तो हिरवेपणा बहुधा नॉक्टिलुका या एकपेशी जीवामुळे येतो, आणि ती हरित शैवाल नाही. तिच्या पोटात काही मायक्रोमीटर लांबीची हरित शैवाले राहतात. हिरवा रंग त्यांचाच.