पिचरच्या हाताची किंमत

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचा मोसम मार्चअखेरीस सुरू होतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेने संपतो. पुढचे तीन-चार महिने मैदाने ओस पडतात, पण बहुतेक संघ घडतात किंवा बिघडतात ते याच हिवाळ्यात. खेळाडूंची अदलाबदल होते, नवे करार होतात, आणि डिसेंबरच्या आरंभी सर्व 30 संघांचे अधिकारी हिवाळी बैठकांसाठी एकत्र जमतात. या साऱ्यात सर्वाधिक वाद होतो तो पिचरच्या व्यवहारांवर.

पिचर म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू. क्रिकेटमध्ये गोलंदाजी चार-पाच जणांत वाटली जाते. बेसबॉलमध्ये सामन्याची सुरुवात करणारा पिचर शक्य तितका वेळ एकटाच चेंडू टाकत राहतो. या श्रमांमुळे त्याला सहसा दर पाचव्या दिवशीच उतरवले जाते. 162 सामन्यांच्या मोसमात त्याच्या वाट्याला फार तर 32-33 सामने येतात. त्यामुळे प्रत्येक संघाला पाच चांगले पिचर हवे असतात आणि असे पिचर नेहमीच कमी पडतात.

त्यातच पिचरचा हात हा या खेळातला सर्वांत नाजूक भाग. वेगाने चेंडू फेकून कोपराचा अस्थिबंध फाटतो. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर अस्थिबंध नव्याने बसवण्याची शस्त्रक्रिया केली आणि तेव्हापासून ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. तिच्यातून सावरून मैदानावर परतायला साधारण वर्ष ते दीड वर्ष लागते. म्हणूनच अदलाबदल ठरली तरी वैद्यकीय तपासणीत खेळाडू उत्तीर्ण होईपर्यंत ती पक्की मानली जात नाही.

या व्यवहारांत खरी देवाणघेवाण वर्षांची असते. खेळाडू पहिल्या फळीत आला की सुमारे सहा वर्षे तो संघाशी बांधलेला राहतो. त्यातली पहिली तीन वर्षे त्याला किमान वेतनाच्या आसपासच पैसे मिळतात. 2025 मध्ये हे किमान वेतन वर्षाला 7,60,000 डॉलर होते. पुढच्या वर्षांत गरज पडल्यास लवाद वेतन ठरवतो आणि सहा वर्षे भरली की खेळाडू मोकळा होतो. त्यामुळे विजेतेपदाच्या जवळ आलेला संघ आजचा पिचर घेतो आणि बदल्यात होतकरू तरुण देतो. नव्याने बांधणी करणारा संघ नेमके उलट करतो. शिवाय संघाचा एकूण वेतनखर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की कर भरावा लागतो. 2024 साठी ही मर्यादा 23.7 कोटी डॉलर होती.

बोस्टन रेड सॉक्स या संघाच्या इतिहासात अशा व्यवहारांचे सर्व नमुने सापडतात. नोव्हेंबर 1997 मध्ये व्यवस्थापक डॅन ड्यूकेट यांनी माँट्रियल एक्सपोजकडून पेद्रो मार्टिनेझला आणले आणि बदल्यात कार्ल पवानो व टोनी आर्मास ज्युनियर हे दोन तरुण पिचर दिले. एक्सपोजला पेद्रोचे वाढते वेतन परवडणारे नव्हते. ड्यूकेट यांनी याच पिचरला 1993 मध्ये एक्सपोजसाठी मिळवले होते, त्यामुळे त्याचा वकूब ते जाणून होते. पेद्रो येताच बोस्टनने त्याच्याशी सहा वर्षांचा, 7.5 कोटी डॉलरचा करार केला. त्याने बोस्टनसाठी 1999 आणि 2000 मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार जिंकला. 2004 मध्ये बोस्टनने 86 वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली, तेव्हाही तो संघात होता.

डिसेंबर 2016 मध्ये बोस्टनचे तेव्हाचे व्यवस्थापक डेव्ह डोम्ब्रॉव्स्की यांनी तितकेच मोठे पाऊल उचलले. शिकागो व्हाइट सॉक्सचा 27 वर्षांचा डावखुरा पिचर ख्रिस सेल घेण्यासाठी त्यांनी योआन मोंकाडा आणि मायकल कोपेक यांच्यासह चार होतकरू खेळाडू दिले. भविष्य विकून टाकल्याची टीका झाली. पण सेलने 2017 मध्ये 308 स्ट्राइकआउट केले, म्हणजे इतक्या फलंदाजांना थेट आपल्या चेंडूंवर बाद केले. 28 ऑक्टोबर 2018 रोजी लॉस एंजेलिसमध्ये वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्याचा नववा डाव त्याच्याकडे सोपवला गेला. त्याने तिन्ही फलंदाजांना स्ट्राइकआउट केले. शेवटचा मॅनी मचाडो चेंडू हुकून एका गुडघ्यावर आला आणि बोस्टन विजेते ठरले. त्या क्षणी अदलाबदलीची पूर्ण किंमत वसूल झाली.

बिघडले ते त्यानंतर. जुन्या कराराचे वर्ष शिल्लक असतानाच, मार्च 2019 मध्ये, संघाने सेलशी पाच वर्षांचा 14.5 कोटी डॉलरचा नवा करार केला. त्याच वर्षी त्याचे कोपर दुखावले आणि मार्च 2020 मध्ये शस्त्रक्रिया झाली. 2020 ते 2023 या चार मोसमांत तो मिळून फक्त 31 सामन्यांची सुरुवात करू शकला. दरम्यान डोम्ब्रॉव्स्की यांना काढून चाइम ब्लूम यांना आणले गेले. वेतनखर्च कमी करण्यासाठी फेब्रुवारी 2020 मध्ये मुकी बेट्स हा संघाचा सर्वोत्तम फलंदाज आणि डेव्हिड प्राइस हा महागडा पिचर एकत्रच लॉस एंजेलिस डॉजर्सला दिले गेले. प्राइसचे निम्मे उरलेले वेतनही बोस्टननेच सोसले. बेट्सने त्याच वर्षी डॉजर्ससोबत विजेतेपद मिळवले.

ब्लूमनंतर स्वतः पिचर राहिलेले क्रेग ब्रेस्लो आले. 30 डिसेंबर 2023 रोजी त्यांनी सेलला 1.7 कोटी डॉलरसह अटलांटा ब्रेव्हजकडे पाठवले आणि वॉन ग्रिसम हा 22 वर्षांचा खेळाडू घेतला. सेल पस्तिशीला आलेला आणि सतत जायबंदी. बोस्टनला दुसऱ्या बेसवर खेळाडू हवा होता. त्या दिवशी हा निर्णय समजण्यासारखा होता. पण 2024 मध्ये सेलने 18 विजय, 225 स्ट्राइकआउट आणि दर नऊ डावांमागे सरासरी 2.38 धावा अशी कामगिरी करून साय यंग पुरस्कार जिंकला. ग्रिसम दुखापत व आजारपणामुळे 31 सामनेच खेळला आणि त्याची फलंदाजीची सरासरी .190 राहिली.

ब्रेस्लो यांनी पुढच्याच हिवाळ्यात उलट दिशेचा व्यवहार केला. डिसेंबर 2024 मध्ये, त्या मोसमात 121 सामने हरलेल्या व्हाइट सॉक्सकडून त्यांनी डावखुरा गॅरेट क्रोशे मिळवला. बदल्यात काइल टील, ब्रेडन माँटगोमेरी, चेस मेड्रॉथ आणि विकेलमन गोंझालेस गेले. काही महिन्यांतच क्रोशेशी सहा वर्षांचा, 17 कोटी डॉलरचा करार झाला. 2025 मध्ये त्याने 255 स्ट्राइकआउट केले आणि बोस्टन 2021 नंतर प्रथमच बाद फेरीत पोहोचले.

या साऱ्या व्यवहारांची चर्चा करताना दोन प्रश्न वेगळे ठेवणे आवश्यक आहे. पहिला, निर्णयाच्या दिवशी हाती असलेल्या माहितीवर किंमत रास्त होती का? दुसरा, पिचर मिळाल्यावर संघाने त्याच्याशी कोणता करार, केव्हा केला? सेलला आणणे योग्य होते आणि त्यातून विजेतेपद आले. नुकसान झाले ते गरज नसताना, घाईने केलेल्या करारामुळे, आणि त्या ओझ्यातून सुटण्याच्या धडपडीत तो पिचरही हातचा गेला. पेद्रोच्या बाबतीत अदलाबदल आणि करार दोन्ही नेमके बसले. क्रोशेचा हिशेब अपुरा आहे: त्याच्या नव्या करारातली वर्षे 2026 पासून मोजायची आहेत आणि शिकागोला गेलेले चौघे अजून घडत आहेत. व्यवस्थापनाची कसोटी या दोन्ही निर्णयांवर लागते. नुसत्या पुढच्या मोसमाच्या आकड्यांवरून त्याला शहाणे किंवा मूर्ख ठरवणे अन्यायाचे होईल.