नसलेल्या नंबरचा शोध

२००२ सालचा जून. एम.ए. मराठीचा मी, नोकरीला जेमतेम वर्ष झालेले. पण 'तुम्ही तरुण आहात' एवढ्या एकाच पात्रतेवर प्राचार्यांनी बेळगावच्या आमच्या कॉलेजची संगणक प्रयोगशाळा माझ्या गळ्यात मारली. तिथे नवी आय.एस.डी.एन. लाईन यायची होती.

साधा मोडेम होताच. तो किंचाळत, खरखरत जोडला जायचा आणि ऑफिसात कुणी फोन उचलला की तुटायचा. नवी लाईन मुळातच डिजिटल. एक्स्चेंजमध्ये आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतात, दर मोजणीला ८ बिट. म्हणून एका संभाषणाला ६४ किलोबिटची वाट लागते. तीच वाट थेट आपल्या भिंतीपर्यंत आणायची, तीही एक नव्हे दोन, आणि सोबत १६ किलोबिटची तिसरी. या तिसरीवरून 'अमुक नंबर लावा, आता ठेवा' अशी एक्स्चेंज आणि यंत्राची बोलणी चालतात. आमचे घोडे अडले ते या तिसरीवरच.

लाईनमन अण्णांनी तांब्याच्या दोन तारा आणून भिंतीवर पांढरी पेटी बसवली. पेटीतून चार तारांची केबल राऊटरला. तिची पिन संगणकाच्या नेटवर्कच्या पिनसारखीच दिसते, त्यामुळे पहिले दोन दिवस ती मी भलत्याच खाचेत लावून बसलो होतो, हे कबूल करतो. मग योग्य जागी लावली, दिवा लागला, पण कॉल जाईना.

"लैन चलो ऐतिरी, सर," अण्णा म्हणाले. राऊटर विकणारा म्हणे, यंत्र ठणठणीत आहे. दोघेही खरेच बोलत होते.

राऊटर मात्र एक सेवा-क्रमांक मागत होता. त्यासाठी मी टेलिफोन कचेरीत आधी मराठीत अर्ज दिला, मग कानडीत, शेवटी इंग्रजीत. "असा नंबर आमच्याकडं नाही," हे उत्तर तिन्ही भाषांत एकच! तीन आठवडे गेले.

तिकडे प्रवेश परीक्षेचा निकाल इंटरनेटवर लागायचा दिवस जवळ आला. खानापूर तालुक्यातली एक विद्यार्थिनी रोज विचारायची, "सर, झालं का?" तिच्या गावात कॅफे नव्हता आणि शहरातल्या कॅफेत एकटीने जायला घरून परवानगी नव्हती.

आदल्या रात्री राऊटरची जाडजूड पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला घेतली. (एम.ए.चा उपयोग झाला तो एवढाच.) त्यात सापडले, की अमेरिकेतल्या काही एक्स्चेंजना तो क्रमांक लागतो, आपल्याकडे बोलणी युरोपीय पद्धतीने चालत, तिथे तो मुळी नसतोच. यंत्र अमेरिकी पद्धतीवर ठेवलेले होते. आपल्या घरात आजीला कानडीत विचारले आणि तिने मराठीत उत्तर दिले तरी जेवण वेळेवर होते. यंत्रांना एवढा समंजसपणा नाही. एक ओळ बदलली, यंत्र बंद करून चालू केले. कॉल लागला तो इतका गुपचूप, की मला वाटले पुन्हा बिघडले.

पुढच्या महिन्याचे बिल ही वेगळी कथा. दोन्ही वाटा जोडल्या की १२८ किलोबिट मिळतात, पण कॉलही दोन मोजले जातात. शिवाय एखाद्या संगणकाने उगीच काही मागितले तरी राऊटर आपणहून नंबर लावायचा. प्राचार्यांच्या खोलीतली ती पंधरा मिनिटे इथे लिहीत नाही. काही वर्षांनी भाड्याची कायमची लाईन, म्हणजे लीज्ड लाईन, आली. तिथे नंबर लावायचा नाही, म्हणून ही बोलणीही नाहीत. दोन्ही टोके एकाच घड्याळावर चालली की झाले.

निकालाच्या सकाळी ती मुलगी पहिल्या बसने आली. अण्णाही 'सहज' डोकावले होते. पान उघडले, तिने परीक्षा क्रमांक टाकला, आणि तिघेही पडद्याकडे बघत राहिलो. पास. डॉट मॅट्रिक्सवर कागद करकरत बाहेर आला. अण्णांनी त्याच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्या जपून फाडल्या.

"सर, अजून एक काढाल?" ती म्हणाली. "आजोळी, गोकाकला न्यायला."